जाळीच्या खिडकीतून बाण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जमिनीवर उभारलेल्या कापडी आडोशात, म्हणजे ग्राउंड ब्लाइंडमध्ये, बसून धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्या उत्तर अमेरिकेतील वाचकांकडून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख खिडकीवरच्या जाळीवर आहे, म्हणून उत्तरांतही जागा तिलाच जास्त दिली आहे.

प्रश्न : माझ्या ब्लाइंडच्या खिडक्यांना काळी जाळी आहे आणि तिच्यातून बाण मारता येतो, असे पिशवीवर छापलेले आहे. उघड्या मैदानात माझे बाण जिथे हवे तिथे लागतात. तेच बाण ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचे धारदार पात्यांचे टोक, लावून जाळीतून मारले, तर २० यार्डांवर वीतभर बाजूला जातात. दोष जाळीचा की माझा?

उत्तर : तुम्ही कोणते ब्रॉडहेड वापरता हे पत्रात लिहिलेले नाही, पण वर्णनावरून ते मिटलेल्या पात्यांचे, म्हणजे मेकॅनिकल प्रकारचे असावे. या ब्रॉडहेडची पाती उड्डाणात मिटलेली राहावीत आणि जनावराच्या अंगाला लागताच उघडावीत, अशी त्याची रचना असते. ती मिटलेली ठेवण्याचे काम एखादे बारीक रबरी कडे किंवा प्लॅस्टिकची पट्टी करते. जाळीचा एक धागा पात्याच्या टोकाला अडकला, तरी ते पाते आपल्या जोडीदाराच्या आधी उघडू शकते. मग बाणाच्या एका बाजूला हवेचा रेटा जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी अशी स्थिती होते आणि बाण वळतो. म्हणूनच बाण मारण्याजोगी जाळी बनवणारे बहुतेक उत्पादक फक्त पक्क्या, न हलणाऱ्या पात्यांचे ब्रॉडहेड वापरा, असे सांगतात. ही सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते आणि वाचायची राहून जाते.

पक्क्या पात्यांनी प्रश्न पूर्ण सुटतो असे मात्र समजू नये. धनुष्यातून सुटलेला बाण पहिले काही फूट सरळ कांडीसारखा जात नाही. तो लवत, वाकत जातो आणि मागच्या पिसांमुळे हळूहळू स्थिरावतो. ब्लाइंडची खिडकी तुमच्यापासून दोन-तीन फुटांवर, म्हणजे बाण सर्वांत अस्थिर असतो नेमक्या त्याच टप्प्यावर असते. तिथे बसलेला बारीकसा धक्काही पुढे वाढत जातो. हिशेब सोपा आहे : बाणाची दिशा अर्ध्या अंशाने जरी बदलली, तरी २० यार्डांवर तो सुमारे सहा इंच बाजूला लागतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीतला मर्मभाग आठ ते दहा इंचांच्या वर्तुळाएवढा असतो. त्याच्या मध्यावर नेम धरला, तर सहा इंचांची चूक बाणाला फुफ्फुसांच्या बाहेर नेते, आणि पोटात बाण लागलेले जनावर तासन्‌तास यातना भोगत राहते.

तेव्हा करायचे ते असे. जाळी खिडकीच्या चौकटीवर ताठ बसवावी, कारण सैल जाळी फाटण्याआधी बाणाबरोबर पुढे ओढली जाते. धनुष्य आधी पक्क्या पात्यांच्या ब्रॉडहेडला जुळवून घ्यावे आणि उघड्यावर त्या ब्रॉडहेडचे बाण सरावाच्या टोकांच्या बाणांबरोबर एकाच जागी लागतात, याची खात्री करावी. त्यानंतरच ब्लाइंडमध्ये, शिकारीच्या दिवशी वापरणार त्याच स्टुलावर बसून, तेच कपडे घालून, जाळीतून मारून पाहावे. एका बाणावर निष्कर्ष काढू नये; आणि जाळीला आधीच पडलेल्या भोकाच्या कडेला पाते घासले तर काय होते, हेही याच सरावात बघून घ्यावे.

एक फरक आणखी लक्षात ठेवावा. काही नव्या ब्लाइंडच्या भिंतींचे कापडच आतून बाहेर पाहता येईल असे असते. ते कापड पाहण्यासाठी आहे, बाण मारण्यासाठी नाही. खिडकीची बाण मारण्याजोगी जाळी आणि भिंतीचे हे पारदर्शक कापड यांत गल्लत झाल्याचे दोन-तीन पत्रांवरून दिसते.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर ज्या खिडकीतून बाण सोडण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिची जाळी खालून एखाद्या अरुंद पट्टीइतकी उघडी ठेवावी आणि बाकीच्या खिडक्या जाळीने झाकाव्यात. जाळीतून मारणे हा पर्याय टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी किंवा अगदी जवळच्या अंतरासाठी राखून ठेवावा, आणि तोही पुरेसा सराव झाल्यावरच.

प्रश्न : धनुष्यावरच्या साइटच्या, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाच्या, पिनमधून हरीण अगदी स्पष्ट दिसत होते, खिडकीची कड खाली होती, तरीही बाण कडेचे कापड फाडून जमिनीत घुसला. असे का व्हावे?

उत्तर : डोळा जिथून पाहतो आणि बाण जिथून निघतो, त्या दोन जागा एक नसतात. धनुष्य पूर्ण ताणलेले असताना बाण डोळ्याच्या तीन-चार इंच खाली असतो. नजरेची रेषा आणि बाणाचा मार्ग एकमेकांना मिळतात ते बरेच पुढे; खिडकीपाशी हे अंतर जवळजवळ तसेच्या तसे कायम असते. त्यामुळे कडेच्या दोन इंच वरून हरीण दिसत असेल, तर बाण कडेच्या एक-दोन इंच खालून निघणार, हे ठरलेलेच आहे. झाडावरच्या मचाणावरून शिकार करणाऱ्याला या गोष्टीचा विचार करावा लागत नाही, म्हणून मचाण सोडून ब्लाइंडमध्ये आलेले अनुभवी शिकारीही इथे फसतात.

यावर उपाय म्हणजे आधी बघून ठेवणे. समोर सुरक्षित लक्ष्य ठेवून, सरावाचे टोक लावलेला बाण चढवून धनुष्य पूर्ण ताणावे आणि एखाद्या सहकाऱ्याला बाजूने, बाणाच्या मागे उभे राहून, बाणाचे टोक कडेच्या किती वर आहे ते पाहायला सांगावे. सहकाऱ्याने खिडकीच्या पुढे कधीही जाऊ नये. मग खिडकीच्या आतल्या कडेवर खडूने किंवा चिकटपट्टीने एक खूण करावी : पिन या खुणेच्या वर असेल तरच बाण सोडायचा. स्टूल दोन इंच उंच केल्यानेही अनेकदा काम भागते. मात्र तसे केल्यावर कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या, धनुष्याचे वरचे चाक छताच्या काडीला लागत नाही ना, हे तपासावे, कारण बाण सुटताना चाक काडीवर आपटले, तर धनुष्याचेही नुकसान होते आणि हाताचेही. खालचे चाक गुडघ्याला किंवा स्टुलाच्या पायाला लागू नये म्हणून गुडघे लक्ष्याच्या दिशेने न ठेवता बाजूला वळवून बसावे.

प्रश्न : माझ्याकडे साडेपाच फुटांचा लाँगबो, म्हणजे चाके नसलेले साधे लांब धनुष्य, आहे. तो घेऊन ब्लाइंडमध्ये बसता येईल का?

उत्तर : बसता येईल, पण ऐसपैस, उंच छताचा ब्लाइंड लागेल आणि धनुष्य तिरके धरून नेम धरण्याची सवय करावी लागेल. ब्लाइंडचा प्रसार कंपाउंड धनुष्यांमुळे झाला, याचे एक कारण त्यांची आखूड लांबी हेच आहे. होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ साली ज्या चाकांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले, त्याच जातीची आजची धनुष्ये एका चाकाच्या आसापासून दुसऱ्या चाकाच्या आसापर्यंत तीस इंचांच्या आसपास असतात आणि बसून सहज ताणता येतात. त्यांचा दुसरा फायदा असा की, पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार बराच हलका होतो, त्यामुळे हरीण खिडकीसमोर येईपर्यंत थांबता येते. लाँगबोमध्ये ही सोय नाही. त्यामुळे केव्हा ताणायचे याचा अंदाज तुम्हाला अधिक अचूक असावा लागेल.

प्रश्न : जाळी बंद असूनही हरणी थेट माझ्याकडे पाहतात, पुढचा पाय आपटतात आणि निघून जातात. जाळीचा मग उपयोग काय?

उत्तर : जाळी तुम्हाला लपवत नाही, तुम्हाला लपवतो तो आतला अंधार. दिवसा रस्त्यावरून चालताना घराच्या जाळीच्या खिडकीतून आतले काही दिसत नाही आणि रात्री आत दिवा लावला की सगळे दिसते, तसाच हा प्रकार आहे. ब्लाइंडची मागची खिडकी उघडी राहिली, की तिच्यातून येणाऱ्या उजेडावर तुमची आकृती ठळक उमटते, आणि मग समोरची जाळी कितीही काळी असली तरी काही उपयोग होत नाही. म्हणून मागची आणि शक्य असेल तर एका बाजूची भिंत पूर्ण बंद ठेवावी, पाठ तिला लागेल इतके मागे बसावे, आणि आत काळे किंवा गडद कपडे घालावेत. जंगलात शोभणारा पानाफांदीचा छापील वेश आतल्या काळोखात उजळ दिसतो. चेहरा आणि हात झाकायला विसरू नये. बाकी अंग स्थिर असले, तरी पांढरट हात सतत हलत असतात आणि हरणाची नजर हालचालीवर आधी जाते.

हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोन प्रकारच्या असतात, आपल्या डोळ्यात तीन. लाल आणि नारिंगी रंग त्याला फारसे वेगळे कळत नाहीत, पण निळ्या रंगाकडची बाजू ते आपल्यापेक्षा चांगली पाहते आणि अतिनील किरणांचाही काही भाग त्याला दिसतो. कपडे उजळ करणारी द्रव्ये घातलेल्या साबणात धुतलेला कपडा अंधूक प्रकाशात त्याला आपल्याला दिसतो त्याहून चमकदार दिसू शकतो. टर्कीची गोष्ट वेगळी आहे : तिची रंगदृष्टी आपल्यापेक्षाही सरस असते, तर वास मात्र तिला फारसा येत नाही.

आता जाळीची दुसरी बाजू. सूर्य समोरून थेट जाळीवर पडला, की तिचा प्रत्येक धागा उजळतो आणि आतून बाहेर पाहताना पांढरट पडदा समोर येतो. म्हणून सकाळच्या बैठकीला पूर्वेकडे आणि संध्याकाळच्या बैठकीला पश्चिमेकडे तोंड करून बसणे टाळावे. पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात, म्हणजे हरणे सर्वाधिक फिरतात नेमक्या त्या वेळी, जाळी उरलासुरला प्रकाशही अडवते आणि प्रत्यंचेत बसवलेल्या पीप साइटच्या भोकातून पिन दिसेनाशी होते. मोठ्या भोकाचे पीप लावल्याने थोडा फरक पडतो. पिनवर लहान दिवा लावता येतो, पण काही राज्यांत धनुष्यावर विजेवर चालणारी साधने चालत नाहीत, त्यामुळे तो विकत घेण्याआधी नियम वाचावा. आणि जाळीतून पाहून हरणाचा खांदा कुठे संपतो व बरगड्या कुठे सुरू होतात हे ओळखता येत नसेल, तर त्या क्षणी बाण सोडू नये.

प्रश्न : ब्लाइंड किती दिवस आधी लावावा?

उत्तर : टर्कीसाठी त्याच दिवशी लावला तरी बहुधा चालते, मोकळ्या शेतात अचानक उगवलेल्या तंबूची ती फारशी दखल घेत नाही. हरणाच्या बाबतीत मात्र घाई करू नये. आपल्या नेहमीच्या वाटेवर नवी वस्तू दिसली, की जाणती हरणी तिला वळसा घालते आणि तिच्या पाठोपाठ बाकीचा कळपही. हंगामाच्या आधी दोन-तीन आठवडे तरी ब्लाइंड जागेवर असावा. तो लावताना छताची चौकोनी कड मोडेल अशा बेताने, त्याच परिसरातल्या फांद्या आणि गवत त्याला बांधावे, मागे दाट झुडूप असेल अशी जागा निवडावी, आणि दोऱ्या घट्ट ताणून खुंट्या ठोकाव्यात. वाऱ्यात फडफडणारे कापड हरणाला जितके बिथरवते, तितके आकाराने मोठे असलेले स्थिर कापड बिथरवत नाही. नव्या कापडाचा वास जाण्यासाठीही हेच दिवस उपयोगी पडतात. सूर्याच्या उन्हाने जाळी विटते व ठिसूळ होते, म्हणून हंगाम संपताच ब्लाइंड काढून कोरडा करून ठेवावा. ओला गुंडाळला, तर बुरशी धरते.

आतली जमीनही साफ करावी. वाळलेली पाने आणि काटक्या काढून उघड्या मातीवर स्टूल ठेवले, की वळताना आवाज होत नाही. हे पाच मिनिटांचे काम आहे, पण अनेक जण ते करत नाहीत.

प्रश्न : चारही बाजूंनी बंद असलेल्या ब्लाइंडमधून वास बाहेर जात नाही, असे मित्र म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. कापडाच्या शिवणीतून, जाळीतून आणि जमिनीलगतच्या फटीतून हवा सतत आतबाहेर करते. खिडक्या बंद असल्या, तर वास बाहेर पडायला थोडा वेळ लागतो, एवढेच. हरीण ज्या बाजूने येण्याची अपेक्षा आहे, त्या बाजूकडून वारा तुमच्याकडे येत असेल तरच त्या दिवशी तिथे बसावे. वारा उलटा असेल, तर दुसऱ्या जागी जावे.

प्रश्न : जमिनीवरून बाण मारताना कोणत्या अंतरापर्यंत आणि कोणत्या कोनातून मारावा? आणि बाण लागल्यावर लगेच मागे जावे का?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण लपण्याच्या युक्त्यांपेक्षा याचे महत्त्व अधिक आहे.

अंतराचा विचार आवाजापासून सुरू करावा. आजच्या कंपाउंड धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला २८० फूट वेगाने गेला असे धरले, तर २० यार्डांचे अंतर कापायला त्याला सुमारे एकपंचमांश सेकंद लागतो. प्रत्यंचेचा आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट वेगाने जातो, म्हणजे तो हरणाच्या कानावर बाणाच्या बराच आधी पोहोचतो. सावध झालेले हरीण आवाज ऐकताच उडी घेण्यासाठी आधी खाली दबते, आणि छातीच्या मध्यावर सोडलेला बाण पाठीच्या वरच्या भागाला लागतो किंवा वरून निघून जातो. अंतर ३५ यार्ड झाले, की त्याला दबायला जवळजवळ दुप्पट वेळ मिळतो. ब्लाइंडचा खरा लाभ हा आहे की, न दिसता धनुष्य ताणता येते आणि हरीण जवळ येईपर्यंत थांबता येते. तो लाभ लांबून बाण मारून वाया घालवू नये. २० यार्ड किंवा त्याहून कमी अंतर, मान खाली घालून चरणारे किंवा शांतपणे उभे असलेले हरीण, आणि पूर्ण आडवी कूस किंवा तुमच्यापासून दूर जाणारी किंचित तिरकी कूस, एवढेच मान्य करावे. समोरून तोंड करून आलेल्या हरणावर बाण सोडू नये. जमिनीच्या पातळीवरून हे हरीण मोठे आणि मोहात पाडणारे दिसते, पण समोर छातीचे हाड आणि दोन खांदे असतात आणि मर्मभागाकडे जाणारी वाट फारच अरुंद असते.

आडव्या कुशीवर, पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर जाऊन, छातीच्या उंचीचा खालचा एकतृतीयांश भाग संपतो तिथे नेम धरावा. मचाणावरून बाण तिरका खाली जातो आणि बाहेर पडण्याची जखम खालच्या बाजूला होते, म्हणून रक्ताचा माग लवकर दिसतो. ब्लाइंडमधून बाण आडवा जातो. नेम उंच गेला, तर छातीच्या पोकळीत रक्त साठत राहते आणि जमिनीवर पहिले काही यार्ड थेंबही सापडत नाही. म्हणून वर चुकण्यापेक्षा नेम थोडा खालचा धरलेला बरा.

बाण लागल्यानंतर ब्लाइंडमधून लगेच बाहेर येऊ नये. जाळीतून हरीण शेवटचे कुठे दिसले ते झाड किंवा झुडूप मनात पक्के करावे, कारण जमिनीवरून पाहताना दूरच्या सगळ्या जागा सारख्या वाटतात. काही वेळाने बाण शोधून तो नीट पाहावा. त्यावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल, तर ते फुफ्फुसाचे. अर्धा तास थांबून मागावर निघावे. गडद, तांबूस काळे रक्त यकृताचे असते. तिथे चार ते सहा तास थांबावे. बाणाला हिरवट मळ आणि आंबट वास असेल, तर तो पोटात लागला आहे. आठ ते बारा तास, म्हणजे संध्याकाळी लागला असेल तर सकाळपर्यंत, मागे जाऊ नये. असे हरीण सहसा जवळच कुठेतरी बसते. मागावर गेलात, तर ते उठते, मैल-दीड मैल जाते आणि पुन्हा हाती लागत नाही.

प्रश्न : बंदुकीचा हंगाम सुरू असताना ब्लाइंडमध्ये धनुष्य घेऊन बसलो, तर नारिंगी जाकीट घालावे लागते का? आत बसलेला माणूस तर बाहेरून दिसतच नाही.

उत्तर : दिसत नाही, म्हणूनच अनेक राज्यांत ब्लाइंडच्या बाहेरच्या बाजूला सर्व दिशांनी दिसेल असे नारिंगी कापड लावण्याचा नियम आहे. ते किती मोठे असावे आणि अंगावरचे जाकीट वेगळे लागते का, हे प्रत्येक राज्याच्या वन्यजीव विभागाच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेत पाहावे, कारण हे नियम बदलतात. नियम नसला तरी कापड लावावे. हरणाला त्या रंगाचा फारसा त्रास होत नाही, हे वर आलेच आहे. फक्त धनुष्यासाठी राखलेला हंगाम ही सवलत १९३४ साली विस्कॉन्सिनने पहिल्यांदा दिली आणि आज ती सर्व राज्यांत आहे. परवाना, प्रशिक्षण आणि पात्यांची किमान रुंदी यांच्या अटी मात्र राज्यागणिक वेगळ्या आहेत.

दोन वाचकांनी हाच प्रकार इतर देशांत करता येईल का, असे विचारले आहे. ब्रिटनमध्ये धनुष्याने वन्य प्राण्यांची शिकार करण्यास मनाई आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये शिकारीवरच बंदी आहे, मग ती धनुष्याने असो वा अन्य कशाने. तिथे जाळीच्या ब्लाइंडमध्ये बसायचे, ते कॅमेरा घेऊन, आणि वनक्षेत्रात त्यालाही वन विभागाची परवानगी लागते.

प्रश्न : नोव्हेंबरच्या थंडीत ब्लाइंडमध्ये गॅसचा लहान हीटर लावावा का?

उत्तर : सगळ्या खिडक्या बंद ठेवून कधीही लावू नये. गॅस जळताना आतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि डोके दुखू लागेपर्यंत विचारशक्तीही मंदावलेली असू शकते. नुसती जाळी लावलेली खिडकीही पुरेशी हवा देईलच असे नाही, कारण वारा नसताना बारीक जाळीतून हवा फार कमी खेळते. हीटर लावायचाच असेल, तर उलटला की आपोआप बंद होणारा घ्यावा, तो कापडापासून आणि वाळलेल्या गवतापासून दूर ठेवावा, वरच्या आणि खालच्या बाजूची एकेक फट पूर्ण उघडी ठेवावी, आणि झोप येऊ लागली तर तो तत्काळ बंद करून बाहेर यावे. त्यापेक्षा चांगले बूट, लोकरीचे थर आणि खिशात ठेवायच्या ऊबेच्या पुड्या यांवर भागवावे. त्यांनी उजेड होत नाही, आवाज होत नाही आणि बोटे प्रत्यंचा सोडण्याइतकी सैल राहतात.